मालिकेचा लेख कसा लिहायचा : एका केबलवाल्याच्या सूचना

भाग संपला, डोळे पुसले आणि त्याच तंद्रीत विकिपीडियावर मालिकेचा लेख लिहायला घेतला, असं करू नका. पाहणाऱ्याला पुढे काय झालं ते हवं असतं. नोंद करणाऱ्याचं काम निराळं. मालिका कोणी काढली, कोणत्या वाहिनीवर लागली, कधी सुरू झाली, कधी संपली, कोणी काम केलं, तिच्याबद्दल छापून काय आलं, आणि हे सगळं आपण कशाच्या आधारावर म्हणतो, ते त्याने सांगायचं. गोष्ट हा त्यातला एक तुकडा. नव्याने लिहिणारे मात्र अख्खा लेख गोष्टीनेच भरून टाकतात.

मी दारव्हा तालुक्यातल्या एका गावात केबल चालवतो. पहिली छत्री बसवली तेव्हा अल्फा मराठी वाहिनी नवीन होती. आता टीव्हीपेक्षा इंटरनेटची गिऱ्हाइकं जास्त. गावच्या वाचनालयात जोडणी माझीच आहे, आणि संध्याकाळी तिथे कॉलेजची पोट्टी-पोट्ट्या लेख लिहायला बसतात. कोणती मालिका कुठे लागत होती हे माझ्या डोक्यात असतं, म्हणून शंका माझ्याकडेच येतात. मी लिहायला लागलो तोही त्यांच्याचमुळे. तेच तेच तोंडी सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवलेलं बरं.

आमचे एक निवृत्त गुरुजी वाचनालयात रोज पेपर वाचायला येतात. पोरींच्या स्क्रीनवर डोकावून म्हणाले, “काहून वं, ज्ञानकोशात आता शनाया पण येऊन रायली काय?” शनाया म्हणजे ‘माझ्या नवऱ्याची बायको’ या मालिकेतल्या गुरुनाथची प्रेयसी. गुरुजींचा राग मला कळतो. ज्या श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोश काढला ते अमरावतीला शिकलेले, आणि ज्ञानकोशाचं काम सुरू झालं तेही नागपुरात, पुण्याला ते नंतर गेलं. त्या परंपरेत सासू-सुनांचं काय काम, असं वाटणारच. पण जी गोष्ट लाखो घरांत रोज रात्री चालू होती, तिची नीट नोंद कोणी तरी करायला पाहिजे. नीट हा शब्द महत्त्वाचा. तेवढं झालं तर गुरुजींची तक्रार निम्मी उरते.

लेख काढायचा की नाही

आधी हे ठरवा. मालिका टीव्हीवर लागली एवढ्याने लेख होत नाही. वाहिनीशी आणि निर्मात्याशी देणं-घेणं नसलेल्या कोणी तरी तिच्याबद्दल थोडं सविस्तर लिहिलेलं असावं लागतं. वर्तमानपत्रातलं परीक्षण, निर्मितीवरचा लेख, मालिकेच्या विषयावर झालेली चर्चा, असं काही. कमीत कमी दोन ठिकाणी सापडलं तर पुढे जा.

इथे एक फसगत होते. नवी मालिका यायची असली की वाहिनी एक प्रसिद्धिपत्रक काढते. तेच पत्रक सात-आठ संकेतस्थळं जसंच्या तसं छापतात. मग पोरगं खुशीत येतं, “काका, आठ संदर्भ भेटले!” एकाच म्हशीचं दूध आठ घरी गेलं म्हणून म्हशी आठ होत नाहीत. ओळखायचं कसं? दोन बातम्या शेजारी उघडा. “प्रेक्षकांच्या भेटीला”, “एका वेगळ्या धाटणीची”, “कौटुंबिक जिव्हाळा जपणारी” हे शब्द दोन्हीकडे त्याच क्रमाने आले, खाली बातमीदाराचं नाव नाही, आणि कलाकाराचं ‘मनोगत’ अक्षर न अक्षर सारखं आहे, तर ते पत्रकच. आठही मिळून एक धरा. तारखेसाठी वापरा, महत्त्व सिद्ध करायला वापरू नका.

फक्त प्रोमो आला असेल तर थांबा. प्रोमो येऊन मालिकेची वेळ बदलते, नाव बदलतं, कधी कधी मालिकाच येत नाही. तोवर मजकूर तुमच्या धूळपाटीत, म्हणजे विकिपीडियावरच्या तुमच्या कच्च्या पानावर, पडून राहू द्या, तिथे तो कोणाला अडत नाही.

पहिलं वाक्य

आमच्याकडच्या एका पोरीने ‘माझ्या नवऱ्याची बायको’वर लिहायला घेतलं होतं. विषय जवळचा, कारण मालिकेतली राधिका नागपूरची. सुरुवात साधारण अशी होती:

“‘माझ्या नवऱ्याची बायको’ ही झी मराठीवरील सुप्रसिद्ध व सर्वांची लाडकी मालिका होती. यामध्ये राधिका या साध्याभोळ्या पण खंबीर गृहिणीची हृदयस्पर्शी कहाणी दाखवण्यात आली. पुढे तिच्या आयुष्यात काय वादळ येते हे पाहण्यासाठी प्रेक्षक रोज रात्री टीव्हीसमोर बसत.”

वाचायला बरं आहे, पण हे प्रोमोचं मराठी आहे. आम्ही दोघांनी बसून एकेक शब्द तपासला. सुप्रसिद्ध कोण म्हणतं? तू. लाडकी कोणाची? तुझ्या आईची. हृदयस्पर्शी? ज्याचं त्याने ठरवावं. काय वादळ येतं ते झाकून कशाला ठेवलं? शेवटी उरलं ते असं:

“‘माझ्या नवऱ्याची बायको’ ही झी मराठी वाहिनीवर २२ ऑगस्ट २०१६ ते ७ मार्च २०२१ या काळात प्रसारित झालेली मराठी दूरचित्रवाणी मालिका आहे. अनिता दाते आणि अभिजीत खांडकेकर यांच्या मालिकेत प्रमुख भूमिका आहेत. पतीचे विवाहबाह्य संबंध उघड झाल्यानंतर राधिका ही मूळची नागपूरची गृहिणी स्वतःचा व्यवसाय उभा करते, असे मालिकेचे कथानक आहे.”

यात बघा, मालिका संपली तरी ‘आहे’ लिहिलंय. संपलं ते प्रसारण, कलाकृती कुठे गेली नाही. म्हणून “प्रसारित झालेली मालिका आहे”. आणि लेखात ‘केले’, ‘असे’, ‘मुळे’ अशीच लेखी भाषा ठेवा. मी इथे बोलल्यासारखं लिहितोय ते तुमच्यासाठी, लेखासाठी नाही. शनायाचं काम करणारीचं नाव वर मुद्दाम घेतलं नाही, त्याचं कारण पुढे येतंच.

वाहिनीचं नाव त्या काळचं लिहा

ह्या बाबतीत मी कोणालाच सोडत नाही, कारण ही नावं मी स्वतः चॅनेलच्या यादीवर खोडून पुन्हा लिहिलेली आहेत. अल्फा मराठी १९९९ मध्ये आलं आणि २००५ मध्ये त्याचं झी मराठी झालं. ई टीव्ही मराठी २००० मध्ये आलं आणि २०१५ मध्ये कलर्स मराठी झालं. स्टार प्रवाह २००८ चं, सोनी मराठी २०१८ चं.

आता ‘चार दिवस सासूचे’ घ्या. रोहिणी हट्टंगडी आणि कविता लाड यांची ही मालिका २००१ मध्ये सुरू झाली आणि २०१३ मध्ये संपली. तिच्यापुढे कलर्स मराठी लिहिलेलं मी कितीदा पाहिलं असेल! ती संपली तेव्हा कलर्स मराठी हे नावच नव्हतं. तिथे ई टीव्ही मराठीच पाहिजे. ‘आभाळमाया’ १९९९ ची, म्हणजे सुरुवात अल्फा मराठीवर. ‘वादळवाट’ मात्र २००३ ते २००७, मधेच नाव बदललं. तिथे माहितीचौकटीत, म्हणजे लेखाच्या बाजूला थोडक्यात माहिती देणाऱ्या चौकटीत, दोन्ही नावं द्यायची, कोणतं कधीपर्यंत ते सांगून.

मालिकेचं नावही ती स्वतः जसं छापते तसंच. ‘होणार सून मी ह्या घरची’ यात ‘ह्या’ आहे. तुमच्या व्याकरणात ‘या’ बसत असेल तर त्या नावाचं पुनर्निर्देशन करून ठेवा, म्हणजे ते शोधणारा मूळ लेखावरच पोहोचेल. मूळ नावाला हात लावू नका.

कथानक

इथे सगळ्यात जास्त घसरायला होतं, म्हणून थोडं थांबतो.

मालिकेची गोष्ट सांगायला आमच्या गल्लीतल्या काकूंसारखं कोणी नाही. तुरीच्या शेंगा सोलता सोलता साडेचार वर्षांची मालिका सांगतात. “अवं, थ्या शनायानं तिचा सोन्यासारखा संसार मोडला, आन् हा गुरुनाथ, ह्याले काई लाज नाई!” ऐकायला गोड, पण असं लेखात उतरवलं की पाच हजार शब्द होतात आणि तरी काय झालं ते कळत नाही. कोणत्या मंगळागौरीला कोण रुसलं, कोणत्या भागात कोण जिन्यावरून पडलं, हे सगळं गाळायचं. रोजच्या मालिकेत बहुतेक प्रसंग पुढच्या आठवड्यापर्यंत ताणायला घातलेले असतात. जो प्रसंग काढला तर पुढची गोष्ट कळणार नाही, तेवढाच ठेवा. राधिकाला नवऱ्याचं प्रकरण कळतं. ती वेगळी होते. मसाल्यांचा धंदा उभा करते. पुढे सौमित्रशी लग्न करते. ह्या कण्यावर तीन-चारशे शब्द पुरतात. चार वर्षं चाललेल्या मालिकेलाही पुरतात.

काळ वर्तमान ठेवा: राधिका घर सोडते, ‘सोडलं’ नाही. शेवट लपवू नका. ज्ञानकोश वाचणाऱ्याला शेवट माहीत झाला तर त्यात गैर काही नाही, आणि “पुढे काय होते हे मालिकेतच पाहा” हे वाक्य दिसलं की सरळ काढून टाका.

कथानकासाठी मालिका हाच आधार चालतो, वेगळा संदर्भ नसला तरी हरकत नाही. पण पडद्यावर जे दिसतं तेवढंच. “राधिका ही आजच्या स्वाभिमानी स्त्रीचे प्रतीक आहे” हे पडद्यावर दिसत नाही, ते तुमचं मत झालं. एखाद्या समीक्षकाने छापील लेखात म्हटलं असेल तर त्याचं नाव घेऊन ‘प्रतिसाद’ या विभागात टाका. कथानकात राधिका काय करते एवढंच.

आणि दुसरीकडून उचलू नका. वाहिनीच्या ॲपवर दिलेला सारांश, पेपरातला उतारा, कोणाचा तरी ब्लॉग, हे सगळं कोणाचं तरी लिखाण आहे. दोन शब्द बदलून चालत नाही. काकूंचं ऐका, मग मालिका आठवा, आणि स्वतःच्या वाक्यात लिहा.

शनाया कोण?

कलाकारांच्या यादीत जुनी शनाया, नवी शनाया असं लिहायचं नाही. त्या भूमिकेत सुरुवातीला रसिका सुनील होती, २०१८ मध्ये ईशा केसकर आली आणि २०२० मध्ये रसिका सुनील परत आली. यादीत असं येईल: “रसिका सुनील / ईशा केसकर : शनाया”, आणि पुढे कोण कधी ते. जी आज दिसते तिला वर आणि गेली तिला ‘माजी’ म्हणून खाली ढकलायचं, हे टीव्हीच्या पडद्यावर ठीक. लेखात दोघींचं काम सारखंच झालेलं असतं. सोडून गेलेल्याचं नाव खोडणं तर अजिबात नको. ‘आई कुठे काय करते’मधली संजना आधी दीपाली पानसरे करत होत्या, मग रुपाली भोसले. नुसतं दुसरंच नाव ठेवलं तर लेख खोटा होतो. सुरुवातीच्या परिच्छेदात शनाया का नव्हती ते आता कळलं असेल. तिथे एकच नाव घेतलं तर अर्धं सत्य, आणि दोन्ही घेतली तर स्पष्टीकरण द्यावं लागतं. ते यादीत शोभतं.

पाहुण्या कलाकारांची, शेजारणींची, एका भागात आलेल्या डॉक्टरांची यादी करत बसू नका.

कलाकार जिवंत माणसं आहेत हे विसरू नका. त्यांचं लग्न, घटस्फोट, आजारपण, मानधनाचा वाद, मालिका ‘का’ सोडली याच्या कुजबुजी, यांना मालिकेच्या लेखात जागा नाही. कलाकाराने स्वतः मुलाखतीत कारण सांगितलं असेल आणि भरवशाच्या ठिकाणी छापून आलं असेल, तर एक कोरडं वाक्य. बाकी गप्पा पानटपरीवर करा, मीही येतो.

आपल्या भाषेचा मामला

विदर्भातल्या लिहिणाऱ्याची खरी परीक्षा इथे असते. राधिकाची बोली ऐकून आमच्याकडे दोन गट पडले होते. एक म्हणे, चला, टीव्हीवर आपली भाषा आली. दुसरा म्हणे, “असं कोणी बोलते काय नागपुरात? उगाच हाय-नाय करून रायली.” मी दुसऱ्या गटातला. पण लेखात मी हे लिहू शकत नाही. माझे कान हा संदर्भ नाही. “मालिकेतील वऱ्हाडी चुकीची आहे” हे वाक्य संदर्भाशिवाय आलं की काढायचंच, मग ते कितीही खरं वाटो. उलट “वऱ्हाडी भाषेला घराघरांत पोहोचवले” हेही काढायचं. एखाद्या भाषेच्या अभ्यासकाने किंवा टीव्हीवर लिहिणाऱ्याने नावानिशी मत मांडलं असेल तर ते त्याच्या नावावर टाका, आणि दुसऱ्या बाजूचं मत छापलेलं सापडलं तर तेही. दोन्ही नाही सापडली तर तो विषय लेखात येणार नाही. मनाला लागतं, पण तसंच असतं. शिवाय नागपुरी आणि वऱ्हाडी एकच मानू नका. मुंबईचा माणूस दोन्हींना विदर्भाची भाषा म्हणून मोकळा होतो, आपण तरी करू नये. संदर्भात जो शब्द असेल तोच लेखात.

‘चला हवा येऊ द्या’चंही असंच. भारत गणेशपुरे बोलायला लागले की आमच्याकडे आवाज मोठा होतो. लेखात मात्र त्यांचं नाव कलाकारांच्या यादीत, इतरांसारखंच. “विदर्भाचा वाघ” वगैरे नको.

ह्याच ओघात एक गोष्ट: गोष्ट जिथे घडते ती जागा आणि चित्रीकरण झालं ती जागा, हे दोन वेगळे रकाने आहेत. पात्र नागपूरचं आहे म्हणून चित्रीकरण नागपुरात झालं असं होत नाही. बऱ्याच मालिकांचं घर मुंबई-ठाण्याकडच्या स्टुडिओत किंवा बंगल्यात असतं. ‘रात्रीस खेळ चाले’ मात्र खरोखर सिंधुदुर्गातल्या आकेरी गावात चित्रित झाली. आधार असेल तरच स्थळ भरा, नाही तर रकाना रिकामा ठेवा. रिकामा रकाना कोणाचं नुकसान करत नाही.

पर्व, रिमेक, भागांची संख्या

‘रात्रीस खेळ चाले’चीच गोष्ट पुढे नेतो. पहिलं पर्व २०१६ चं, दुसरं २०१९ चं, तिसरं २०२१ चं. दुसऱ्या पर्वात पहिल्याच्या आधीचा काळ आहे, अण्णा नाईक आणि शेवंताचा. आता क्रम कसा लावाल? प्रसारणाचा लावा. कथेत काय आधी घडतं ते कथानकात सांगता येतं, लेखाची मांडणी त्यावर करायची नाही. तीन पर्वांसाठी तीन लेख करण्याची घाई नको. एका लेखात मावत नाही असं झालं तरच फोडा.

रिमेकबद्दल पोरं ठामपणे चुकीचं लिहितात. ‘आई कुठे काय करते’ ही ‘अनुपमा’वरून घेतली, हे मी इतक्या ठिकाणी वाचलंय. तारखा बघा ना. मराठी मालिका २३ डिसेंबर २०१९ ला सुरू झाली, हिंदी १३ जुलै २०२० ला. दोन्हींचं मूळ बंगाली ‘श्रीमयी’. हिंदी मालिका मोठी दिसते म्हणून तीच आधीची असं नसतं. कोण कोणावरून हे लिहिण्याआधी दोन्हींच्या सुरुवातीच्या तारखा तपासा, आणि मग आधार शोधा. नुसतं कथानक सारखं वाटलं म्हणून ‘नक्कल’ लिहू नका.

भागांच्या संख्येला हिशेब लावून काढू नका. सुरुवातीची तारीख, शेवटची तारीख, आठवड्याचे सहा दिवस, गुणाकार केला, झालं, असं होत नाही. सुट्ट्या असतात, तासाभराचे महाएपिसोड असतात, ॲपवर एका भागाचे दोन तुकडे असतात. आणि २०२० मध्ये तर करोनामुळे मार्चपासून चित्रीकरणच बंद होतं. झी मराठीवर नवे भाग थेट १३ जुलैला सुरू झाले. त्या महिन्यांत माझ्या फोनला दम नव्हता, “भाऊ, जुनेच भाग काहून दाखवून रायले?” पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये पुन्हा निर्बंध आले तेव्हा काही मालिका गोव्यात जाऊन चित्रीकरण करत होत्या. ही माहिती ‘निर्मिती’ विभागात शोभते, कारण ती मालिकेच्या बाहेरच्या जगातली आहे. गुणाकाराने आलेला आकडा कुठेच शोभत नाही. चालू मालिकेच्या माहितीचौकटीत रोज रात्री भागसंख्या एकाने वाढवणारे संपादक असतात. त्यांना माझी विनंती: तोच वेळ एक संदर्भ शोधण्यात घाला.

टीआरपी

गावात अजूनही काही लोकांना वाटतं की माझ्या कंट्रोल रूममधून टीआरपी मोजतात. “माझ्या घरची मालिका पयल्या नंबरवर आण ना बा!” तसं काही नाही. निवडक घरांत मीटर बसवलेले असतात, ती घरं कोणती हे गुप्त असतं, आणि त्यावरून अंदाज काढतात. २०१५ पासून हे आकडे बार्क ही संस्था देते, त्याआधी टॅम नावाची संस्था द्यायची.

म्हणून “टीआरपीमध्ये अव्वल” एवढंच वाक्य निरुपयोगी आहे. कोणत्या आठवड्यात? कोणत्या बाजारपेठेत? मराठी मालिकांत की सगळ्या वाहिन्यांत? आकडा कोणी दिला? ही चार उत्तरं असतील तर वाक्य लिहा: अमुक वर्षाच्या अमुक आठवड्यात, बार्कच्या आकडेवारीनुसार. वाहिनी स्वतःच्या जाहिरातीत ‘महाराष्ट्राची नंबर वन’ म्हणते तो आधार नाही. आणि दर आठवड्याचा तक्ता लेखात लावू नका. तो एकदा लावला की कोणी तरी तो भरत बसतं, मग कंटाळतं, आणि लेखात अर्धा भरलेला तक्ता वर्षानुवर्षं लोंबकळतो.

वेळेचंही तेच. लेख म्हणजे कार्यक्रमपत्रिका नव्हे. मुख्य वेळ एकदा सांगा, मोठा बदल झाला असेल तर तारखेसह. ‘सध्या’, ‘नुकतीच’, ‘लवकरच’, ‘आगामी’ हे शब्द दिसले की तिथे तारीख घाला. तुमचा लेख कोणी पाच वर्षांनी उघडेल, त्याच्यासाठी ‘सध्या’ म्हणजे काय?

संदर्भ कुठून आणायचे

वाहिनीचं अधिकृत पान सुरुवातीची तारीख, श्रेयनामावली अशा कोरड्या गोष्टींना चालतं. चाहत्यांची पानं, यूट्यूबवरचे ‘पुढील भागात काय घडणार’वाले, ज्या संकेतस्थळांवर कोणीही माहिती भरू शकतो ती, हे चालत नाही. इंग्रजी विकिपीडियावर आहे म्हणून आपल्याकडे घेतलं, हेही नाही. तिथला संदर्भ उघडून वाचा, खरंच तसं लिहिलं असेल तर तो संदर्भ द्या. ऑनलाईन दुव्याची प्रत इंटरनेट आर्काइव्ह या जुनी पानं साठवणाऱ्या संकेतस्थळावर जतन करून तो पत्ता सोबत द्या. बातम्यांची पानं फार लवकर गायब होतात.

छापील पेपर असेल तर नाव, तारीख, पान आणि आवृत्ती, चारही लिहा. आवृत्ती आपल्याकडे फार महत्त्वाची. नागपूर आवृत्तीत जे पाचव्या पानावर आहे ते अकोला आवृत्तीत नवव्यावर असू शकतं, आणि पुण्याच्या आवृत्तीत नसेलही. पुरवणी असेल तर पुरवणीचं नाव.

चित्रं

मालिकेचं पोस्टर कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या मुक्त चित्रांच्या साठ्यावर, चढवू नका, त्याचा हक्क वाहिनीचा. टीव्हीसमोर उभं राहून मोबाईलने काढलेला फोटोसुद्धा तुमचा होत नाही, पडद्यावरचं चित्र दुसऱ्याचंच आहे. पण यवतमाळच्या नवरात्रात एखादी अभिनेत्री कार्यक्रमाला आली आणि तुम्ही स्वतः व्यासपीठाच्या समोरून फोटो काढला, तर तो तुमचा. तो मुक्त परवान्याखाली चढवा, तारीख आणि ठिकाण लिहा. दहा पोस्टरांपेक्षा त्याची किंमत जास्त. व्हॉट्सॲपवर आलेला फोटो मात्र ‘मी काढला’ म्हणून टाकू नका. ते पकडलं जातं आणि मग तुमची सगळीच चित्रं तपासली जातात.

वाद झाला तर

तुमचा बदल कोणी उलटवला तर लगेच परत उलटवू नका. लेखाचा इतिहास बघा, त्याने कारण दिलेलं असतं. नसेल तर चर्चा पानावर विचारा, आदराने, संदर्भ पुढे ठेवून. मालिकेत तुमचा चुलतभाऊ काम करत असेल किंवा तुम्ही निर्मात्याकडे नोकरीला असाल, तर लेखाला हात न लावता चर्चा पानावरच सुचवा, आणि नातं सांगून टाका. मी स्वतः कोणत्याही वाहिनीच्या, म्हणजे तिच्या कंपनीच्या लेखात लिहीत नाही. पैशाचा व्यवहार आहे ना, पॅकच्या दरावरून भांडणंही असतात. मालिकांवर लिहितो.

जुन्या मालिका आधी घ्या

चालू मालिकांच्या लेखांवर गर्दी असते. दूरदर्शनच्या काळाचं काय? मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. ‘चिमणराव-गुंड्याभाऊ’मध्ये दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे होते, हे आमच्या वयाच्या लोकांना झोपेतही सांगता येतं, पण लेखात असं काही लिहायचं तर आठवण पुरत नाही. त्या मालिकांची माहिती ऑनलाईन फारशी सापडत नाही. ती आहे जुन्या पेपरांच्या बांधीव फायलींत, दिवाळी अंकांत, नट-दिग्दर्शकांच्या मुलाखतींत. तालुक्याच्या वाचनालयात अशा फायली वरच्या मजल्यावर पडलेल्या असतात, आणि दर काही वर्षांनी रद्दीत जातात. ग्रंथपालांना आधी भेटा, अर्ज लिहून द्या, पानाचा फोटो स्वतःच्या नोंदीसाठी काढा, आणि पेपराचं नाव-तारीख दिसेल अशी वरची पट्टी त्या फोटोत घ्या. ती पट्टी नसेल तर घरी येऊन कात्रण कोणत्या दिवसाचं हे कळत नाही आणि सगळी चक्कर वाया जाते.

लेख तयार झाला की लगेच ‘प्रकाशित करा’ दाबू नका. आधी मालिका न पाहिलेल्या कोणाला तरी वाचायला द्या. आमच्याकडे हे काम गुरुजी करतात. कुरकुरतात, पण पेन्सिल घेऊन बसतात आणि जिथे त्यांना “हे कोणी सांगितलं?” असं विचारावंसं वाटतं तिथे खूण करतात. त्या प्रत्येक खुणेपुढे संदर्भ टाका किंवा वाक्य काढा. मग वर्ग जोडा: वाहिनीचा, सुरुवातीच्या वर्षाचा. विकिडाटावर, जिथे वेगवेगळ्या भाषांतले लेख एकमेकांना जोडतात, दुवा द्या. दुसऱ्या दिवशी चर्चा पान एकदा उघडून बघा, कोणी काही विचारलं असेल तर उत्तर द्यायला.